गच्चीवरचा पितळी खिळा

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बालाघाट शहरातील एका दुमजली घराच्या गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या तारेपासून सात पावलांवर, सिमेंटात ठोकलेला एक पितळी खिळा आहे. या खिळ्याची पृथ्वीवरची जागा जितक्या खात्रीने ठाऊक आहे, तितक्या खात्रीने या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूची, वास्तूची किंवा व्यक्तीची ठाऊक नाही. कलेक्टरसाहेबांचा बंगला अंदाजे आहे. रेल्वे स्टेशन साधारण तिथेच कुठेतरी आहे. वैनगंगेचं तर विचारूच नका, ती दर पावसाळ्यात मर्जी बदलते. पक्का काय तो एक खिळा. नागरिकांनी नोंद घ्यावी, आणि डोक्यावर टोपी असल्यास काढावी.

हे माझं म्हणणं नाही. हे आमच्या घरमालकांचं म्हणणं. मी त्यांच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं राहिलो आणि खिळ्याला दोनदाच ठेचकाळलो. दोन्ही वेळा त्यांनी खाली वाकून आधी खिळा तपासला.

मी तेव्हा एका शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि खोली शोधत होतो. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या माणसाने. चेहरा भाजलेल्या वांग्याच्या रंगाचा, पण कपाळाचा वरचा अर्धा भाग पांढराफटक. जन्मभर टोपी घालून उन्हात बसल्याची ती सीमारेषा होती. डावा डोळा अर्धा मिटलेला. मला वाटलं, डोळा मारताहेत. मीही सभ्यपणे मारला.

घरमालक भाडेकरूला जे विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. जिन्याने वर नेलं, खोलीच्या मध्यभागी उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, उत्तर दिशा कोणती, दाखवा."

मी हात उचलला. मग आठवलं की जिना दोनदा वळला होता. हात खाली घेतला. "आता नाही सांगता येणार," मी म्हणालो. "उद्या सूर्य उगवला की सांगतो."

"खोली तुमची!" ते म्हणाले. "तुमच्या आधी सहा जण येऊन गेलते. सहाही जणायनं फटकन बोट दाखवलं. सहा बोटं, सहा दिशा. तुम्ही एकटेच असे भेटले का ज्याले माहीत नाई हे माहीत आहे."

गल्लीतले सगळे त्यांना काकाजी म्हणत, त्यांच्या बायकोला काकू. काकूंनी दारातून डोकं घालून विचारलं, "यायनं तुमाले दिशा विचारली असन. जेवले का, ते विचारलं का?"

नव्हतं विचारलं. त्या दिवसापासून घरात कुणाकडे काय मागायचं, याची माझी वाटणी पक्की झाली.

काकाजींची नोकरी काय होती हे समजायला मला सहा महिने लागले, आणि ती समजावून सांगण्यात त्यांच्या आयुष्यातला परमानंद होता. विमान धुक्यातून उतरतं तेव्हा पायलटला धावपट्टी दिसत नाही. जमिनीवरचं एक यंत्र त्याच्यासाठी हवेत एक रेघ ओढतं. ती डोळ्यांना दिसत नाही, विमानातल्या काट्याला कळते. काटा मधोमध ठेवला की विमान रेघेवर, आणि रेघ धावपट्टीवर. "बरोबर?" काकाजी विचारत. मी म्हणे, बरोबर. "काहून बरोबर? रेघच वाकडी असली तर?"

तर, ही रेघ सरळ आहे का हे तपासणारी एक वेगळी फौज असते. त्यांचं विमान पुन्हा पुन्हा रेघेवरून येतं आणि यंत्र काय सांगतं ते टिपून घेतं. पण विमान त्या क्षणी खरोखर कुठे होतं, हे रेघेला न विचारता दुसऱ्याच कुणाला तरी विचारावं लागतं. तो दुसरा कुणी म्हणजे काकाजी. धावपट्टीच्या टोकाला, तिपाईवर बसवलेल्या मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावून, उन्हात, तीसेक वर्षं. विमान दिसलं की त्याच्या नाकावर दुर्बिणीतली फुली धरायची आणि ते डोक्यावरून जाईपर्यंत सोडायची नाही. शिंक आली तरी नाही. एकदा म्हणे पायावर विंचू चढला होता. "मग?" "मग काय? विमान गेलं, मग मी ओरडलो."

या नोकरीचा एक कायमचा परिणाम त्यांच्या मानेवर झाला होता. हवेतून काहीही जाताना दिसलं की बोलणं अर्ध्यावर थांबे, डावा डोळा मिटे आणि मान त्या वस्तूबरोबर फिरू लागे. कावळा, पतंग, चेंडू, काहीही. ती वस्तू खाली टेकल्याशिवाय काकाजी माणसांत परतत नसत. लामत्याला एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना ते पहिल्या रांगेत उभे होते. अक्षता पडायला लागल्या. साऱ्या मांडवाने पाहिलं की एक प्रतिष्ठित गृहस्थ डोळा मिटून, मान वर-खाली, वर-खाली करताहेत. नवऱ्या मुलीच्या मामांनी काकूंना हळूच विचारलं, "यायले काही होते का?" काकू म्हणाल्या, "काई नाई. एकेक दाना घरी पोचवून राह्यले."

त्यांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न: "कशाच्या मानानं?" तो ते साऱ्या जगाला विचारत. बस उशिरा आली म्हटलं की, कशाच्या मानानं? बसच्या, का तुमच्या घड्याळाच्या? परसवाड्याचा बाजार महाग झाला, कशाच्या मानानं? जेवताना एकदा चुकून म्हणाले, "भात जास्त शिजला." काकू भातवाढी हातात धरून थांबल्या आणि त्यांच्याच आवाजात म्हणाल्या, "कशाच्या मानानं?" कच्च्या भाताशी तुलना करायला घरात कच्चा भात नव्हता. काकाजींनी ताटातला भात संपवला.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत उपग्रह आले आणि दुर्बिणीचं काम संपत आलं. सहकाऱ्यांना वाटलं, आता हा माणूस खचणार. काकाजींनी पेढे वाटले. "अरे, मी एकटा साक्षीदार होतो, तोही एका डोळ्याचा," ते सांगत. "आता आभायातून सात-आठ साक्षीदार बोलून राह्यले. आनंद नाई व्हाचा का?"

नव्या पद्धतीत त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उपग्रहही थोडं चुकतात, आणि ती चूक पकडायची युक्ती. धावपट्टीजवळ एक दगड पुरलेला असतो. त्याची जागा आधीच फार बारकाईने मोजून ठेवलेली. त्या दगडावर उपग्रहांचं ऐकणारं यंत्र बसवायचं आणि उपग्रहांना विचारायचं, मी कुठे आहे? ते सांगतात, दोन हात पलीकडे. पण दगड तर हललेला नाही! म्हणजे या घटकेला उपग्रह दोन हात चुकताहेत. तेवढी दुरुस्ती वायरलेसवरून विमानाला कळवायची, म्हणजे विमानालाही स्वतःची जागा अचूक कळते. "पाहा मास्तर," काकाजींचा आवाज इथे भरून येई, "एवढं मोठं आकाश, अन् त्याची चूक कोन काढते? एक दगड!"

असा एक दगड आपल्याकडेही असावा म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर खिळा ठोकला. कुठूनतरी जुनं यंत्र मिळवलं, त्याची छत्रीसारखी टोपी तिपाईवर खिळ्याच्या बरोबर वर बसवली आणि वर्षभर रोज सकाळी वहीत आकडे लिहून खिळ्याची जागा पक्की केली. कशासाठी, हे विचारायचं नाही. काही लोक तुळस लावतात, त्यांनी खिळा लावला.

अडचण एकच होती. जिथून आकाश सगळ्यात मोकळं दिसे, तिथेच ऊनही सगळ्यात चांगलं पडे. आणि काकू दर उन्हाळ्यात कुरडया घालत.

काकूंची परात स्टीलची होती, मुलाच्या पाळण्याएवढी मोठी. उपग्रहाचा निरोप त्या परातीवर आपटे आणि उडून यंत्रात शिरे. म्हणजे तोच निरोप दोनदा येई, एकदा सरळ आणि एकदा वळसा घालून. यंत्राचा गोंधळ उडे. काकाजी वही घेऊन धडधडत खाली येत.

"परात कोनं ठेवली?"

"मी ठेवली. काहून?"

"आपलं घर चार हात वैनगंगेकडे सरकलं!"

"मंग अजून थोडं सरकू द्या," काकू म्हणत. "पानी भराले सोपं जाईन."

परात उचलली जाई. काकाजी वर जात. पाचव्या मिनिटाला परात दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसे. मी या युद्धात तटस्थ होतो असं सांगायला आवडेल. पण खरं सांगतो, ज्या दिवशी शाळेला सुट्टी असे आणि करमत नसे, त्या दिवशी मीच गुपचूप परात खिळ्याजवळ सरकवून खोलीत जाऊन बसत असे आणि घर नदीकडे निघाल्याची आरोळी ऐकत असे. भूगोलाच्या मास्तराला याहून मोठं सुख कोणतं?

सुजाता या गच्चीवर पहिल्यांदा आली ती बॅडमिंटनचं फूल शोधायला. मागच्या गल्लीत राहायची. वडील उकव्याच्या मँगनीज खाणीत होते, शनिवारच्या बसने घरी येत. फूल गच्चीवर उडालं आणि काकाजी तिथेच होते, म्हणजे शोधायचा प्रश्नच नव्हता. "तिसरी कुंडी, मागच्या बाजूनं," ते मान न वळवता म्हणाले. पोरीला वाटलं, म्हातारा जादूगार आहे. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम फूल उडवलं. तिसऱ्या दिवशी फुलाशिवायच आली आणि खिळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "काकाजी, हे काय होय?"

झालं. पुढची सहा वर्षं मी गच्चीवर कोन, त्रिकोण आणि उपग्रह यांचीच कुजबुज ऐकली. काकूंनी एक पळी वरण जास्त टाकायला सुरुवात केली. सुजाता शिकली, परीक्षा दिली आणि काकाजी जिथे होते त्याच रेघा तपासणाऱ्या फौजेत इंजिनीअर म्हणून लागली. तिच्या वडिलांनी त्या दिवशी खाणीतून रजा घेतली. काकाजींनी पुन्हा पेढे वाटले.

आणि मग एका डिसेंबरात तिचा फोन आला. आमच्याजवळच्या विमानतळावरची रेघ तपासायला त्यांचं विमान येत होतं, आणि जमिनीवरच्या कामाची जबाबदारी पहिल्यांदाच तिच्या एकटीवर होती. काकाजी फोन ठेवून खुर्चीत बसले. ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात त्यांनी दुर्बिणीतून तपासलेली शेवटची रेघ तीच, आणि ती सरळ असल्याच्या कागदावर त्यांची शेवटची सही होती.

"आता आपली पोट्टी पाह्यते, मी खरं लिहिलं का खोटं," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण रात्रीचं ताक तसंच राहिलं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी विमानतळाची देखरेख पाहणाऱ्या तिवारीजींना फोन लावला. ते जुने ओळखीचे. "तिवारीजी, लड़की को धूप में मत बिठाना," काकाजी ओरडून सांगत होते, कारण फोन लांबचा असला की ते ओरडत. "मैंने तीस साल धूप खाई है, आधी खोपड़ी पक गई। वहाँ थोड़ी छाया करवा दो। पक्की करवाना, हवा से उड़े नहीं!"

सकाळी आम्ही तिघं निघालो. मी शाळेत सहलीची जागा पाहायला जातो असं सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. काकूंनी डबा घेतला होता, मोठा, स्टीलचा, चार पुडांचा. तिवारीजींनी आम्हाला फाटकाजवळच्या एका खोलीत बसवलं. तिथून धावपट्टी दिसत होती. दगड मात्र इमारतीच्या पलीकडे, आमच्या नजरेआड. टेबलावर वायरलेस खरखरत होता.

विमान आलं. काकाजींची मान फिरली. विमान गेलं. पुन्हा आलं. पुन्हा मान. तिसऱ्या फेरीनंतर दार उघडलं आणि सुजाता आत आली. हातात वायरलेस होता.

"काकाजी, रेघ हलून राह्यली."

"म्हंजे?"

"पहिल्या फेरीत डावीकडे. दुसऱ्या फेरीत उजवीकडे. तिसरीत पुन्हा डावीकडे, पण कमी. सगळे म्हणून राह्यले, रेघेच्या यंत्रातच बिघाड आहे. पायलटसाहेब अजून दोनच फेऱ्या करतेत. तेवढ्यात नाई जमलं तर मले लिहून द्या लागन का रेघ बंद करा."

धुक्याचे दिवस. रेघ बंद म्हणजे विमानतळ अर्धा बंद. आणि ती रेघ चुकीची असल्याच्या कागदावर सही सुजाताची, तीही पहिल्याच कामावर.

"रेघ हलत नसते," काकाजी सावकाश म्हणाले. "कशाच्या मानानं हलून राह्यली?"

"दगडाच्या मानानं."

"दगडाच्या वर आकाश मोकळं आहे?"

"एकदम मोकळं. सकाळीच पाह्यलं मी."

अशा वेळी काकू जे करतात तेच त्यांनी केलं. डबा उघडला. "दोन घास खाऊन घे पोरी, मंग पाहू," म्हणत त्यांनी वरचं झाकण पदराने पुसायला घेतलं. खिडकीतून ऊन येत होतं. झाकणावरचा उजेड उडून छतावर गेला आणि तिथे एक लखलखीत ठिपका नाचू लागला.

काकाजींचा डावा डोळा मिटला. मान वर गेली. ठिपका डावीकडे, मान डावीकडे. ठिपका उजवीकडे, मान उजवीकडे. ठिपका पुन्हा डावीकडे, पण कमी. मी मनात म्हटलं, गेले. आता हा माणूस ठिपका थांबेपर्यंत कामाचा नाही.

काकूंचं पुसून झालं. ठिपका थांबला. काकाजी उभे राहिले.

"परात कोनं ठेवली?"

"परात घरी आहे," काकू म्हणाल्या. "हा डबा होय."

"तिथं! दगडाजवळ! परात कोनं ठेवली?"

सुजाताने तोंडावर हात ठेवला. "काकाजी, सावली! मी दगडावर यंत्र लावलं तेव्हा नव्हती. तिकडं रेघेच्या मशीनच्या खोलीत जाऊन आली तं माह्यासाठी सावली बांधून ठेवलेली. दगडाच्या बाजूले. मी म्हटलं, यंत्राच्या वर तं नाई ना, असू द्या."

"कपड्याची?"

"टिनाची. कोरी. चकचक करून राह्यली."

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. तिवारीजींनी वरून परवानगी घेतली, जीप काढली आणि आम्ही सगळे, काकू आणि डबा धरून, दगडाकडे धावलो. तिथे काय देखावा होता! तीन बाजूंनी बाजारातून आणलेले कोरे पत्रे, वर उतरतं छप्पर, चारही खांबांना झेंडूच्या माळा, आत प्लास्टिकची खुर्ची आणि पाण्याचा माठ. दिल्लीहून मॅडम येणार म्हणून सगळ्या स्टाफने पहाटेपासून मागे खपून तयार केलेलं आणि मॅडम मशीनच्या खोलीत गेल्यावर इथे आणून उभं केलेलं होतं. शेजारी तिपाईवर बिचारं यंत्र, साऱ्या बाजूंनी उडून येणारे आकाशाचे निरोप ऐकत, चक्रावून बसलेलं.

"पाडा!" काकाजी गरजले.

विमान वर घिरट्या घालत होतं. तिवारीजींनी खांब धरला, मी पत्रा धरला, स्टाफने दोऱ्या कापल्या, काकूंनी आधी झेंडूच्या माळा काढून खांद्यावर टाकल्या, कारण फुलं वाया घालवणं त्यांना मंजूर नव्हतं. सगळं उचलून लांब गवतात नेऊन आडवं केलं. मग सुजाताने यंत्राजवळ बसून आकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि वायरलेसवर म्हणाली, "सर, आ जाइए।"

चौथी फेरी. काकाजींची मान विमानाबरोबर त्या टोकापासून या टोकापर्यंत फिरली. वायरलेस खरखरला. "मैडम, एकदम बीच में।"

पाचवी फेरी. "फिर वही, मैडम। बाल बराबर फर्क नहीं। बधाई हो।"

सुजाता तिथेच, गवतात, मटकन बसली आणि हसायला लागली. काकाजींनी टोपी काढली आणि पांढऱ्या कपाळावरून हात फिरवला. पंधरा वर्षांपूर्वीची त्यांची सही केसभरही हलली नव्हती. मी पाहिलं, उजवा डोळाही आता डाव्याइतकाच मिटला होता.

पण आनंद असा मुकाट्याने सोसणारे ते नव्हेत. दोन मिनिटांत त्यांच्यात जोर आला आणि ते कंबरेवर हात ठेवून सगळ्या स्टाफपुढे फेऱ्या मारायला लागले. "कौन है वो महापुरुष? यंत्र के बाजू में टिन ठोकने की अक्कल किसकी थी? सामने आओ! जरा दर्शन तो दो!"

कुणी पुढे येईना. स्टाफ बुटांकडे पाहू लागला. शेवटी तिवारीजींनी हात जोडले.

"सर, आप ही का फोन आया था। आपने कहा, छाया करवा दो, पक्की करवाना, हवा से उड़े नहीं। कपड़ा तो उड़ जाता, सर।"

काकाजी जागच्या जागी थांबले. डावा डोळा हळूहळू पूर्ण उघडला. अकरा वर्षांत मी तो पहिल्यांदाच उघडलेला पाहिला. एवढ्या वेळात सुजाताच्या हातातल्या वायरलेसचं बटण तिच्या अंगठ्याखाली दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे पुढचं वाक्य जमिनीवर आणि आकाशात एकाच वेळी ऐकू गेलं. खांद्यावर झेंडूच्या माळा, हातात डबा, अशा काकू दोन पावलं पुढे झाल्या आणि ओरडल्या, "अवो, माही एवढीशी परात खुपली तुमाले, अन् सोता अख्खं टिनाचं छप्पर ठोकून दिलं!"